माझं नाक आणि बाबांचं ताट

ज्याचं नाक कायम बंद, त्याच्याकडे किस्से फार जमतात! कारखान्याशेजारच्या कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या घरात आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. पण घरातले निम्मे किस्से माझ्या नाकाचे.

आठवीत डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. नाकात पॉलिप आहेत, म्हणाले. सुजेतून वाढलेले मऊ गोळे. सोबत अ‍ॅलर्जी असेल तर ती सूज उतरू देत नाही.

बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर कामाला. भीत भीत त्यांनी विचारलं, "साहब, मेरे बदन की धूल से?"

"हो भी सकता है, नहीं भी. एलर्जी टेस्ट करवा लीजिए."

बाबांनी 'हो भी सकता है' एवढंच ऐकलं! टेस्ट राहून गेली आणि बाबांचं ताट व्हरांड्यात गेलं. माझ्याजवळ बसणं, बोलणंही सुटलं.

*

शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाऊ, भांडण झालं का जी?"

"नाही वं. पोरीच्या नाकानं घराबाहेर काढलं!"

दोघंही हसले. मी आत एकटी जेवत होते.

*

एकदा आई अंगणातून ओरडत आली. "दूध जळून राहिलं! तुले वास नाही आला?"

मग स्वतःच थांबली. "अवं, तुले कसा येईन!"

त्या दिवशी आम्ही काळा चहा प्यायलो.

*

दहावीत शेवटी टेस्ट ठरली. त्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीची गोळी बंद. वर्गात शिंकांची रांग लागली! मॅडम प्रत्येक शिंकेला "ब्लेस यू" म्हणायच्या. मग थकल्या.

"बेटा, आज की सारी छींकों का एक साथ, ब्लेस यू!"

वर्ग हसला. माझ्या बाकावरची मुलगी दप्तर उचलून मागे गेली.

*

हातावर वेगवेगळ्या अ‍ॅलर्जींचे थेंब ठेवून टोचलं. फुगला तो एकच, गादी-गोधडीतल्या न दिसणाऱ्या किड्यांचा.

"म्हंजे गुन्हेगार माही गोधडी!" आई म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, गोळे एवढ्यानं जाणार नाहीत, नाकात मारायचा स्प्रे चालूच ठेवा. पण अंथरूण गरम पाण्यात धुतलं तर सूज कमी भडकेल.

"और मैं?" बाबांनी विचारलं. "मैं इसके पास बैठूं?"

डॉक्टर बघतच राहिले. "नहा के बैठिए ना!"

*

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टहून येऊन बाबांनी अंघोळ केली, ताट घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. भात कालवला. मग हळूच म्हणाले,

"कितवीत हाये वं तू आता?"