कचरो, मालवण

आमच्या वाडीत सध्या एक बातमी फिरते आहे. घाटावरच्या त्या पाळण्यांच्या पार्कात सुभद्राकाकी पोती भरून कचरा घेऊन गेली, आणि पार्कवाल्यांनी तिची फजिती म्हणून गेटावर पाटीच लावली, 'कचरो, मालवण'. सत्यवतीआजी ही बातमी सांगताना आधी डावीकडे बघते, मग उजवीकडे, मग आवाज खाली नेऊन म्हणते, "माझ्या तोंडान बोलूचा नाय, पण..." आणि पुढचं सगळं त्याच तोंडाने बोलते. लोकांच्या आवाजाच्या नकला करायची मला खोड आहे, म्हणून असलं माझ्या लक्षात राहतं.

पाटी खरी आहे. ती रंगत होती तेव्हा मी शेजारी उभी होते. बाकी सगळं उलटं आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

सुभद्राकाकी आमची शेजारीण. ती इको गाडीतून पोरांना शाळेत पोचवते. रस्त्यावर ती हॉर्न वाजवते, पण पोरांच्या दारात कधीच नाही. तिथे ती माडाच्या पात्याची पिपाणी फुंकते. पातं गोल गोल गुंडाळत न्यायचं, टोकाला जीभ ठेवायची, की म्हशीच्या रेडकाने हाक मारावी तसा आवाज निघतो. हॉर्नच का नाही, असं एका पालकाने विचारलं तेव्हा काकी म्हणाली, "हॉर्नान गाडये बाजूक होतत. पोरां येणत नाय." पिपाणीला मात्र पोरं अर्ध्या घासावरून उठून येतात. आईने बोलावलं तर येत नाहीत, हेही मी सांगून ठेवते.

काकीच्या अंगणात पडलेलं काही वाया जात नाही. चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, पात्यांचे पोपट होतात, चष्मे होतात, भिरभिरी होतात. करवंट्यांना भोकं पाडून कंदील. पोफळीचं पान गळलं की त्याच्या देठाचा जो रुंद चामड्यासारखा पडदा सुटतो, त्याचे मुखवटे. दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं पोत्यांत भरून ती फोंडाघाट चढते, कोल्हापूरच्या पुढे त्या पार्काला लागून तंबूंचं मैदान आहे तिथे दोन दिवस राहते आणि आपला तंबू सजवते. गाडीत तिच्या शेजारी तिचे यजमान, सुदेशकाका, बसतात. घाटात त्यांचं एकच वाक्य, "हळू गो, हळू", दर वळणाला थोडं बारीक होत जाणारं. शेवटच्या वळणाला नुसतं "ह" उरतं. त्यांचा मुलगा सर्वेश मुंबईला नोकरीला लागल्यापासून मागची सीट माझी.

तिथे तंबू सजवण्याची स्पर्धा असते. जिंकणाऱ्या तंबूचं नाव गेटावरच्या मोठ्या फळ्यावर रंगवतात. काकीला ते नाव हवं होतं. गेल्या वर्षी तिने रात्री तोरणं बांधून ठेवली होती, आणि सकाळी झाडलोट करणाऱ्या माणसांनी ती सगळी कचरा समजून उचलून नेली. ढिगात तिचे पोपट पालथे पडलेले होते. येताना पूर्ण घाटात काका एकदाही "हळू" म्हणाले नाहीत. तेवढ्यावरूनच मला कळलं, किती लागलंय ते.

यंदा तीन पोत्यांची पाच झाली. गेटावरचा रखवालदार खास कोल्हापूरचा, अक्षरं दाताखाली फोडून बोलणारा.

"काय ओ मावशी, पोत्यात काय हाय?"

"माड आसा," काकी म्हणाली. "मुळां तेवढी घराक ठेवली."

त्याने हसत हसत दोन पोती स्वतः उतरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचा तंबू असा दिसत होता की येणाजाणारे थांबून फोटो काढत होते. डाव्या बाजूला एका कुटुंबाने विकतच्या दिव्यांच्या माळा आणि फुग्यांची कमान केली होती. पंप लावून फुगवत होते. मी म्हटलं, आपण जिंकलो. तेवढ्यात त्या कमानीखालून एक लहान मुलगी आली आणि आमच्या पोपटाकडे टक लावून उभी राहिली.

काकीने पोपट सोडला आणि तिच्या हातात दिला.

मग तिचा भाऊ आला. मग पलीकडच्या तंबूतले तिघे. मी अडवायला गेले तर काकीने मला गप्प केलं. "पोर बघता आणि मी हात लावू नको म्हणा? माका ता जमाचा नाय." ती प्रत्येकाला एक वस्तू द्यायची, शिवाय एक पिपाणी, वाजवायला शिकवायची, आणि तिच्या गाडीतल्या पोरांना असतो तोच नियम सांगायची: मी फुंकली की जिथे असाल तिथून इथे. मुखवटे गेले, चष्मे गेले, शेवटी करवंट्यांचे कंदीलही गेले. गेल्या वर्षी तोरणं उचलून नेणाऱ्यांपैकी झाडलोटवाल्या एका मामाने मान खाली घालून आपल्या नातीसाठी भिरभिरं मागितलं. काकीने त्याला दोन दिली.

तंबूवर उरल्या नुसत्या दोऱ्या. पोरं पाळण्यांकडे पांगली. सुदेशकाका खुर्चीत बसून त्या दोऱ्यांकडे बघत होते, शेतातलं पीक गेल्यासारखे.

"आता काय नंबर येत नाही," मी म्हटलं.

काकी दोऱ्या गुंडाळत होती. "पैज लावतस?"

मी लावली. मी जिंकले तर परतताना मी पुढे आणि काका मागे. काकीने आपली अट सांगितली, "आपलो नंबर इलो तर घराक पोचासर कोणाचो आवाज काढूचो नाय. ह्यांचो पण नाय." म्हणजे घर येईपर्यंत माझ्या नकला बंद. समोर उघडाबोडका तंबू होता. मी हसत हातावर हात मारला.

थोड्या वेळाने कर्णा सुरू झाला. "हॅलोऽ, कॅम्पर मित्रहोऽ, आपापला तंबूऽ, आपापली शाऽऽन." कर्णेवाला नाकातून बोलायचा आणि शेवटचा शब्द च्युइंगमसारखा ताणायचा. त्याच्यासोबत मॅनेजर साहेब आले. फुग्यांच्या कमानीसमोर बराच वेळ थांबले, मग आमच्याकडे वळले. तंबूभोवती एक चक्कर मारली.

"मॅडम, इथे तर काहीच नाही," ते म्हणाले. "मार्क कशाला द्यायचे?"

काकी उभी राहिली, पदर नीट केला आणि तहसीलदार कचेरीत बोलते त्या मराठीत म्हणाली, "सर, माझी सजावट खेळायला गेली आहे. बोलावते."

तिने पिपाणी फुंकली.

क्षणभर नुसता पाळण्यांचा घरघराट. मग लांबून एक पिपाणी वाजली. मग पाण्याच्या घसरगुंडीकडून दुसरी, आगगाडीकडून चार, आणि बघता बघता सगळं मैदान रेडकांनी भरल्यासारखं ओरडू लागलं. मुखवटे धावत आले, चष्मे धावत आले, काठीवरचे पोपट माणसांच्या डोक्यावरून आले. कर्णेवाला काय बोलत होता ते कोणालाच ऐकू येईना. पोरं तंबूभोवती गोल करून उभी राहिली आणि फुंकतच राहिली. त्यांच्या मागे त्यांचे आईबाप, फुग्यांच्या कमानीवाले पहिल्या रांगेत. झाडलोटवाले मामा झाडूला भिरभिरं बांधून आले होते.

मॅनेजर साहेबांनी कानांवरचे हात काढले आणि तिथेच निकाल सांगितला. सुदेशकाका खुर्चीवर चढून टाळ्या वाजवत होते. त्यांना कोणीतरी "हळू" म्हणायला हवं होतं.

रंगारी फळ्यापाशी ब्रश घेऊन उभा राहिला. तंबूचं नाव काय, त्याने विचारलं. काकीने मागे वळून पाहिलं. मामा तिथेच होते, तेही तिच्याकडे बघत होते, जरा ओशाळून.

"लिव," काकी म्हणाली, "कचरो, मालवण."

मामा एवढे हसले की झाडूवरचं भिरभिरं गळून पडलं. तर पाटीची गोष्ट ही अशी. सत्यवतीआजीने वाटल्यास आपल्या तोंडाने सांगावी.

परतताना काका पुढे, मी मागे. घाट उतरताना "हळू गो, हळू" सुरू झालं, एकेका वळणाला बारीक होत गेलं, आणि मी दोन्ही ओठ दाताखाली धरून बसले. आरशात काकीचे डोळे माझ्यावर होते. फोंडाघाटच्या बाजारात चहाला थांबलो. तिथला चहावाला असा बोलत होता की प्रत्येक वाक्याचं शेपूट गिळत होता, नकलेला एवढा रसाळ आवाज मला वर्षातून एकदा मिळतो. त्याने विचारलं, "खंयसून इलास? मजा इली मा?"

"हो," मी माझ्याच आवाजात म्हटलं.

काकीने आपल्या बशीतला वडा माझ्याकडे सरकवला.