बिननावाचा पाला

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी पहिली मी. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. बचत गटाच्या बैठकीतही बायांना सांगायची, लेकराला कावीळ झाली तर माळा घालत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. म्हणून माझ्या सात वर्षांच्या पोरीचे डोळे पिवळे दिसले, त्याच दिवशी तिला घाटंजीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. कावीळच होती. म्हणाले, "याला वेगळं औषध नसतं. आराम, साधं जेवण, भरपूर पाणी. आपोआप उतरेल. आठ दिवसांनी दाखवा."

औषधच नाही! मी चिठ्ठी उलटी करून मागची बाजूसुद्धा पाहिली.

घरी मला बसवेना. तिला पाणी पाजायचं, पापणी खाली ओढून डोळा पाहायचा, अंगणात जायचं, परत येऊन पुन्हा पापणी ओढायची. ती दोन घास भात खायची अन् ओकायची. सोयाबीन काढणीला आलेलं. नवरा शेतातून आला की दारातूनच विचारायचा, "उतरली का?" जसं काही मी उतरवून देणार होते. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "गाडी काढा. तांड्यावर जाऊ."

तो हसला. "तू? तू त साऱ्या गावाले शिकवतं!"

"काढता का पायी जाऊ?"

तांड्यावर काविळीचा पाला देणारे एक बाबा आहेत. त्यांनी पोरीचा डोळा पाहिला, आत जाऊन पाला ठेचला, कपभर रस पाजला. बाकीचा ठेचा पळसाच्या पानात बांधून दिला. अजून दोन दिवस, अनशापोटी.

"कायचा पाला आहे, बाबा?"

"नाव घेतलं का दवाचा गुण जाते, बाई."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. त्या दिवशी गुमान पुडी घेतली. हाताला काहीतरी काम मिळालं होतं.

आठव्या दिवशी पुन्हा रक्त तपासलं. कावीळ वाढली होती. डॉक्टरांनी पोरीला भरती केलं, सलाइन लावलं अन् विचारलं, "झाडपाल्याचं काही दिलं का?"

"नाही सर. आम्ही शिकलेली माणसं आहोत."

नवरा स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला.

"मग एवढी का वाढली?" डॉक्टर कागद पाहत म्हणाले. "उतरली नाही तर यवतमाळला पाठवावं लागेल."

ते गेले. मी खाटेजवळ बसले, उठले, खिडकीशी गेले, परत आले. ते भलतीकडेच कारण शोधतील अन् इकडे पोरीच्या पोटात काय गेलंय ते फक्त आम्हालाच ठाऊक. दारात पांढरा कोट दिसला की मी उभी राहायची. अन् पोरीची चादर सारखी करून परत बसायची.

"सांग नं वं," नवरा म्हणाला. "पोरगी आपली आहे."

"काय सांगू? कायचा पाला, ते तरी मालूम आहे का?"

ही अर्धी खरी अडचण होती, अर्धी पळवाट. मी त्याच्याकडून चावी घेतली. गाडी मला चालवता येते, हेही सांगून ठेवते.

बाबा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"बाबा, पाल्याचं नाव सांगा. डॉक्टरले सांगा लागते."

"नाव नाई घेत मी."

"पोरीची कावीळ वाढली, बाबा."

त्यांचे हात थांबले. "वाढली? मंग डॉक्टरले पाला देल्ला, हे त सांगतलं नं?"

मी मान खाली घातली.

"काहून वं? एवढी शिकली, अन् डॉक्टरपासून लपवतं?"

ते उठले, अनवाणीच मागच्या शेताच्या धुऱ्यावर गेले, एक लहानसं झाड मुळासकट उपटून आणलं अन् मातीसकट माझ्या हातात दिलं. "म्या नाव घेतलं नाई. डॉक्टरलेच घेऊ दे. पळ आता."

ओढणीत गुंडाळलेल्या त्या झाडाची माती रस्ताभर माझ्या मांडीवर गळत होती. डॉक्टरांच्या खोलीत दोन पेशंट बसले होते. ते बाहेर जायची वाट पाहिली असती तर मी पुन्हा गप्प बसले असते. झाड टेबलावर ठेवलं.

"सर, मी खोटं बोलले. याचा रस तीन दिवस दिला. मीच दिला."

शिव्या खायची तयारी होती. पण त्यांनी विचारलं, किती वेळा, केवढा, प्यायल्यावर ओकली का? मी त्यांच्याच चहाच्या कपावर बोटानं माप दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं, झाडाचा फोटो काढून जाणकाराला पाठवला.

"यानंच वाढली असं आत्ता सांगता येणार नाही. पण पहिल्यांदा विचारलं तेव्हाच कळायला हवं होतं. आता यातलं काही देऊ नका."

"मग काय देऊ?"

"काही नाही. वाट पाहायची."

फिरून तेच. त्यानंतर तिसऱ्या दिवशीच्या तपासणीत कावीळ थोडी खाली आली. यवतमाळला न्यायची गरज नाही म्हणाले. पाल्यानं काय केलं अन् काय नाही, ते मला आजही ठाऊक नाही. मी स्टुलावर बसले. पुन्हा उठले, पोरीची पापणी खाली ओढली.

तिनं माझा हात झटकला. "आत्ताच त पाह्यलं नं, आई! बस नं गुमान!"

मी बसले. हात मांडीखाली दाबून.