सात नंबरचा पट्टा

शिवणबाईंच्या नवऱ्याची नोकरी काय, हे सांगितलं की लोक आधी हसायचे. गावाबाहेरच्या माळावर मोठमोठ्या रेडिओ दुर्बिणी होत्या. त्या आकाशातले बारीक बारीक आवाज टिपायला बसायच्या, आणि नेमकं कुणाच्या तरी घरातलं एखादं यंत्र खरखर करून सगळ्याचा विचका करायचं. ती खरखर कुठून येते हे हुडकायचं आणि त्या घराचं दार ठोठावून "जरा बंद करता का?" अशी विनवणी करायची, हीच ती नोकरी. बत्तीस वर्षं त्याने दारं ठोठावली. कुणी पाणी विचारलं, कुणी अंगावर कुत्रं सोडलं.

एकदा तीन दिवस झाले तरी एक खरखर सापडेना. हातात अँटेना घेऊन गडी वणवण फिरला आणि चौथ्या दिवशी स्वतःच्याच दारात येऊन उभा राहिला. बाईंची नवीकोरी विजेची शिलाई मशीन गुन्हेगार निघाली!

"अहो, सगळं गाव सोडून माझ्याच पोटावर पाय?" बाई कडाडल्या.

"तुला सूट दिली तर उद्या दुसऱ्याच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू?"

बाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मशीन विकली आणि हाताने शिवायला लागल्या. रागारागाने का होईना, पण टाका असा बारीक पडू लागला की गिऱ्हाइकं लांबून यायची.

जेवताना फोन वाजला की नवरा ताटावरून उठायचा. "जेवून तरी जा," बाई म्हणायच्या. "आलोच," म्हणून जायचा, आणि ताटातलं गार व्हायचं. परत आल्यावर तेच गार जेवण जेवता जेवता म्हणायचा, "दुर्बीण बांधावी तर चंद्राच्या पाठीमागे. आपला कुणाचाच आवाज तिथे पोचत नाही, मध्ये अख्खा चंद्र आडवा. ठोठावायला एक दार नाही बघ!" हे सांगताना त्याचा चेहरा असा खुलायचा की बाईंना त्या चंद्राचा चक्क हेवा वाटायचा.

तो गेला, आणि चार वर्षांनी ती दुर्बीण खरोखरच बांधायला घेतली. लांबलचक, पातळ पट्ट्यांच्या गुंडाळ्या चंद्रामागे जाऊन उलगडणार होत्या आणि पट्ट्यांवर शिवलेली तांब्याची तार आकाश ऐकणार होती. केसाएवढी तार यंत्राने शिवताना तुटायची, म्हणून पट्टे बनवणाऱ्या कारखान्याने हातशिलाईच्या चार बायका घेतल्या. त्यांना शिकवायचं काम शिवणबाईंकडे आलं. एकूण पट्टे आठ. सात नंबरचा बाईंनी एकटीने शिवला. त्यांच्या मनात एकच होतं: ह्यांना जिथे जावंसं वाटत होतं, तिथे आपल्या हातचं काहीतरी जाऊ दे. वर्षभर त्या ह्या एका आशेवर उठल्या आणि कामाला गेल्या.

मग पट्टे एकेक करून थंड पेटीत घातले. चंद्रावरच्या रात्रीएवढी थंडी त्या पेटीत पाडत. बाकीचे सात पट्टे धड बाहेर आले. सात नंबरचा मात्र टोकाला उसवल्यासारखा फाटला होता.

"वाईट वाटतं, बाई," देखरेखीवरची इंजिनियर म्हणाली. "पण पट्टे रवाना व्हायला अजून तीन आठवडे आहेत. आता हात बसलाय, दुसरा शिवा, तोच पाठवू."

बाईंचा जीव भांड्यात पडला. आणि फाटलेलं टोक बोटांनी चाचपताना फाटण्याचं कारण हाताला लागलं. शिंप्याची सवय! शिवण संपली की उलटा टाका घेऊन पक्की करायची. कपड्याला ते ठीक. पण थंडीत पट्टा आणि तांबं सारखं आकसत नाही, मध्ये थोडी ढील लागते. उलट्या टाक्याने ती ढीलच ठेवली नव्हती. आणि हा टाका चौघींना शिकवला कुणी? बाईंनीच. बाकीचे पट्टे एकदा गोठून निभावले, पण चंद्रावर दर रात्री गोठायचं होतं.

सांगितलं तर सातही पट्ट्यांची टोकं उसवून पुन्हा शिवायला लागणार. पाचही जणींचे तीन आठवडे त्यातच जाणार आणि नवा पट्टा काही होणार नाही. गप्प बसलं तर आपला जाईल. बाई जेवणाच्या सुट्टीभर डबा न उघडता बसून राहिल्या. मला माझ्या पट्ट्याला सूट देता येईल का, असं त्यांनी मनातल्या मनात कुणाला तरी विचारलं. उत्तर ठाऊक होतं, म्हणून तर रडू येत होतं.

सुट्टी संपल्यावर त्या इंजिनियरच्या टेबलाशी गेल्या. "चूक माझी आहे," म्हणाल्या, "आणि ती सगळ्या पट्ट्यांवर आहे."

सात पट्टे ढिल्या टाक्याने पुन्हा शिवून झाले. सात नंबरचा कपाटात राहिला.

वर्षभराने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून चंद्रामागून आलेला पहिला आवाज ऐकवला. नुसतं सूंऽऽ. "एवढंच होय?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

बाई मात्र कान देऊन ऐकत होत्या. त्या सूंमध्ये त्यांनी मिक्सर शोधला, पंप शोधला, कुणाची शिलाई मशीन शोधली. काही म्हणजे काही नव्हतं.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणाल्या, "ऐकलंत ना? आता कुठे जायचं नाही. जेवून घ्या, गार होतंय."