नानाचा थांबलेला प्रोग्राम

भुतंखेतं, नजर, उतारा... यातलं काहीही मी मानत नाही. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाला ते परवडतच नाही. मशीन अडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. या एका गोष्टीचं कारण मात्र अजून सापडलेलं नाही, म्हणून लिहितोय.

पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, मी कामाला आहे. तिथला लिनक्सचा सर्व्हर माझ्या थोरल्या भावाने, नानाने बसवला. मलाही त्यानेच शिकवलं. रंगाच्या टाक्यांचं तापमान खात्यातल्या मोठ्या बोर्डवर दाखवणारा प्रोग्रामही त्याचाच. गेल्या वर्षी मिलमधून घरी येताना बाइक घसरली आणि नानाच्या डोक्याला मार लागला. श्वास चालू, पण हाक मारली तर ओ नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा.

इकडे बोर्डही गोठला. मी टॉप लावून पाहिलं — मशीनवर या क्षणी काय काय चालू आहे, ते टॉप दाखवतं. यादीत नानाच्या नावावर त्याचा प्रोग्राम होता आणि पुढे T. म्हणजे मेलेला नाही, थांबलेला. चालू व्हायची आज्ञा दिली की क्षणभर हलायचा, पुन्हा T. तो जागा अडवून बसल्यामुळे नवा प्रोग्राम सुरू होईना. कामगारांना दर वेळी टाकीवर चढून मीटर बघावं लागे, आणि रंग चुकलेलं कापड परत यायला लागलं.

आमचे गुजराती शेठ म्हणाले, "प्रवीणभाई, मारी नाखो ने एने! केटला दिवस राह जोवानी?"

मारून टाक, किती दिवस वाट बघायची... त्यांचं बरोबरच होतं. किल करायला, म्हणजे प्रोग्राम कायमचा बंद पाडायला, एक ओळ पुरते. मी ती टाइप केली... आणि एंटर दाबवेना. स्वतःचाच राग आला. यादीतली एक ओळ ती! पण तिच्यासमोर नानाचं नाव होतं. शेठना म्हटलं, उद्या करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोडादऱ्यातल्या आमच्या घरी कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढायचे होते. आम्हा खानदेशी लोकांत घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन मुठीने गहू मोजतात. नानाची पाळी आली तशी काकू अडखळली. "यंदा त्याना गहू ऱ्हाऊ दे, माय."

वहिनीने सूप ओढून घेतलं. "कसाले ऱ्हाऊ देवाना? त्या घर येतीन. त्यासना नावना गहू मी टाकसू." एरवी नवऱ्याचं नाव तोंडाने न घेणारी ही बाई! तिने "सुभाष" असं खणखणीत म्हटलं आणि मूठ टाकली.

मी मिलमध्ये आलो ते मन घट्ट करूनच. आज मारायचाच. टॉप उघडलं... T च्या जागी R. चालू! खात्यातून ओरडा आला, "बोर्ड चालू हुआ!" नानाचा पासवर्ड फक्त नानाला माहीत, मुख्य पासवर्ड फक्त मला. सगळे लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदी, चाळले. कुणी आत आलेलं नव्हतं, कुणी आज्ञा दिलेली नव्हती.

तेवढ्यात वहिनीचा फोन. "भाऊ, दवाखानामाईन फोन उना... त्यास्नी डोया उघडात!"

मी तिथेच खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो.

मित्र म्हणतात, योगायोग. असेलही. पण थांबलेला प्रोग्राम आज्ञेशिवाय चालू कसा झाला, ते त्यांनाही सांगता येत नाही आणि मलाही. शेठ मात्र हल्ली रोज सर्व्हरला अगरबत्ती ओवाळतात, आणि धूर पंख्यात जातो म्हणून मी रोज भांडतो.

नाना आता घरी आहे. शब्द शोधत बोलतो, हात थरथरतो. यंदा कानबाईचे गहू मोजताना त्याची पाळी आली तर वहिनी नाव घेईचना. पदर सावरत म्हणाली, "आते तुम्हीच ल्या तुमनं नाव."

नानाने घेतलं. सावकाश, पण पूर्ण घेतलं. मूठ टाकताना चार दाणे खाली सांडले, ते वहिनीने एकेक करून वेचले आणि त्याच्याच वाट्यात टाकले.