मल्लूच्या पांढऱ्या हंड्या

दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. पोतं उचललं की कोंडा सांडतो, तसे ते रोज सांडतात. बीदरजवळ नौबादला आमचं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं. लोकांच्या हातात मोबाइल नुकते यायला लागले होते आणि पोरं पुण्या-हैदराबादकडे पळत होती, तेव्हाची ही गोष्ट. गिऱ्हाइकं पुष्कळ होती, पण किस्से सगळे मल्लूचे!

मल्लू आमच्या भावकीतला. त्याच्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं लोकांच्या शेतात मजुरी केली. मल्लूनं शेड टाकून पांढरी विलायती डुकरं पाळली. धंदा झकास चालला, फक्त पोरगी कुणी देईना! आई जीव तोडून स्थळं शोधायची. इकडे पोराच्या कानशिलावर पांढरे केस दिसायला लागले होते.

*

कन्नडात डुकराला 'हंदी' म्हणतात. मल्लूच्या मामाचं आयुष्य कन्नड बोलण्यात गेलेलं. तो उदगीरकडच्या एका पाहुण्याला फोनवर म्हणाला, "पोराचा हंदीचा धंदा हाय. लई जोरात चालायलाय."

पाहुण्याला ऐकू आलं 'हंडी'! मंडळी नटूनथटून आली. चहा-पोहे झाले. मुलीच्या बापानं कौतुकानं विचारलं, "हंड्या कशाच्या? पितळंच्या का ष्टीलच्या?"

मामा बिचारा सरळ माणूस. "पांढऱ्या हाएत की. इलायती."

"मोठाल्या हाएत का?"

"मोठाल्या? आवो, एकेक हंदी धा-धा पिल्लं देती!"

पाहुणे दारातल्या चपला पायात घालायलाही थांबले नाहीत. मामा मला म्हणाला, "आरं, आत्ता तर बरे बोलायलते. अचानक काय झालं?"

*

मका परवडत नाही म्हणून मल्लू गव्हाचा कोंडा, तांदळाचा कोंडा आणि गुलबर्ग्याच्या डाळमिलमधली तुरीची चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, घालायचा. पण डुकराचं पोट म्हणजे गाईचं पोट नव्हे. नुसता कोंडा जसा आत जातो, तसाच बाहेर येतो. म्हणून मी त्याला एन्झाइमची पावडर द्यायला लागलो. ती मिसळली की कोंडा अंगी लागतो. पथ्य एकच, शिजवायची नाही.

तरी डुकरं काही भरेनात. बघायला गेलो, तर मल्लूची आई चुलीवर भली मोठी कढई ठेवून सगळं पावडरीसकट रटारटा शिजवत होती!

"काकू, कामून उकळायलाव?"

"मुक्या जीवाला कच्चं कसं घालू रे? अन् औषद उकळल्याबिगर लागू व्हतंय व्हय?"

तिला सोपं करून सांगावं म्हणून मी म्हणालो, "काकू, उकळल्यावर ती पावडर मरती."

काकूच्या हातातली पळी खाली पडली. "आगं आई! म्हंजे मी तिला रोज मारायलते?"

या बाईच्या हातचं पाणी तिची सख्खी जाऊ पीत नव्हती. का, तर घरात डुकरं आहेत! मला त्या जावेची अजूनही चीड येते.

*

डाळमिलचे मालक, आम्ही त्यांना सावकार म्हणायचो, भारी देवभोळे. एकदा मल्लूबरोबर मीही चुनी आणायला गेलो.

"चुनी कशाला पायजे?"

"डुकराला."

"शिव शिव शिव! जी डाळ आपण खाताव, तिची चुनी त्याला? गाईला पायजे म्हण."

"गाईला पायजे."

"हां, आसं. किती गाई हाएत?"

"तुमी म्हणाल तितक्या, सावकार!"

सावकार खो खो हसले. पोती गाडीत चढली. निघताना त्यांनी मल्लूच्या पाठीवर थाप मारली. "इतक्या गाईंचा धनी तू, अन् आजून लगीन कामून केला न्हाईस?"

गाडी चालू करायच्या आधी मल्लूनं आरशात कानशिलावरचे पांढरे केस बघितले.

*

आमच्या भावकीत एक थोरले तात्या होते. जातीच्या बैठकीत त्यांचा शब्द शेवटचा. मल्लूच्या घरात पोरगी देऊ नका, असं चार ठिकाणी सांगून आलेला माणूस हाच. एकदा ते पोट धरून दुकानात आले. मल्लू तिथंच बसला होता. त्यानं चहा मागवला, तर तात्या म्हणाले, "उपास हाय."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ती कोंडा पचवायची पावडर हाय म्हणं तुज्याकडं? आठ दिस झाले, भाकर पचंना."

"तात्या, ती डुकराची हाय!"

"आण रे. औषदाला कुठं जात आस्तीय?"

*

आता मादन हिप्परग्याच्या बिराप्पाचा किस्सा. त्याची पोरगी रेणुका मल्लूला पसंत होती. तिलाही मल्लू पसंत होता, तिनं तसं आईला सांगितलं होतं. बिराप्पा चारचौघांत म्हणाला, "डुकरात लोळणाऱ्याला देण्यापरीस पोरगी घरात ठिवीन." आणि पुढच्याच लग्नसराईत तिला हैदराबादला देऊन टाकली. जावई बिस्किटाच्या कंपनीत!

वर्षभरानं मल्लूची डुकरं हैदराबादच्या एका मांसाच्या कारखान्यात घालायची होती. गाडीत मीही होतो. फाटकावर रबरी बूट आणि रक्तानं भरलेला एप्रन घातलेला एक पोरगा आला. गाडीचा बीदरचा नंबर बघून मराठीत बोलायला लागला.

"माझी सासरवाडी तिकडंच की, मादन हिप्परग्याला. बिराप्पा वळखता का?"

"वळखताव की," मी म्हणालो. मल्लूचा चेहरा बघून पोरगा चपापला. मग त्यानं मल्लूचा हातच धरला. "अण्णा, घरी बिस्किटाची कंपनी म्हणून सांगितलोय. रेणुकालाबी ठाव न्हाई. पाया पडतो, गावाकडं बोलू नका."

मल्लूनं मान डोलावली. परतताना मी मात्र खूश होतो. म्हणालो, "आता बिराप्पाची कशी जिरवतो बघ!"

थोड्याच दिवसांत मी आणि मल्लू मादन हिप्परग्याजवळच्या आळंदच्या बाजारात गेलो, तर बिराप्पा समोरून आला. ओळखीच्या लोकांचा घोळका होताच. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून तो सगळ्यांना वाटत होता. "घ्या, घ्या. जावयाच्या कंपनीचे हाएत."

मल्लू दिसला तसा पुडा त्याच्यापुढेही धरला. "तूबी खा रे. धंदा आसा आसावा, चारचौघांत सांगावा वाटणारा!"

मी तोंड उघडलं, तर मल्लूनं माझा हात घट्ट दाबला. त्यानं एक बिस्किट घेतलं, सावकाश चावून खाल्लं, मिशीवरचा चुरा पुसला आणि म्हणाला, "अप्पा, जावई लई चांगला घावला तुमाला."