बोटीवरच्या बापाचा नंबर

“आजोबा, हा गोवर आहे,” दापोलीच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “आणि तो छातीतही उतरलाय.”

मी त्यांच्याशी चक्क वाद घातला. माझ्या नातीचे, सईचे, सगळे डोस झालेत, गोवर होईलच कसा? मी एसटी डेपोत जन्मभर ड्यूटीचे तक्ते लावलेला माणूस. कागदात माझी चूक होत नाही, हा माझा जुना गैरसमज.

सई साडेतीन वर्षांची. चार दिवस ताप, लाल डोळे, खोकला. बुरोंडीत आम्ही सर्दी भरली म्हणून काढा देत बसलो. चौथ्या दिवशी कानामागे पुरळ उठलं, ते दुसऱ्या दिवशी पोटावर आलं. डॉक्टरांनी तिच्या गालाच्या आत मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दाखवले. त्यांना कॉप्लिक स्पॉट्स म्हणतात, ती गोवराची खूण. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला, म्हणजे फुप्फुसात संसर्ग. बोटाला चिमटा लावून सॅच्युरेशन बघितलं, म्हणजे रक्तात प्राणवायू किती आहे ते. एकोणनव्वद. पंच्याण्णवच्या पुढे हवं.

गोवर एकापासून दुसऱ्याला फार लवकर लागतो, म्हणून सईला वेगळी खोली दिली. आत सून मानसी, बाहेर बाकावर मी. मुलगा मालवाहू बोटीवर, तेव्हा कुठल्या समुद्रात होता कोण जाणे.

तासाभराने लसीकरणाच्या सिस्टर आल्या. हातात फक्त मोबाईल. “कार्ड आहे का?” कार्ड चिपळूणला, मानसीच्या माहेरी. मी मनात म्हटलं, आता बसा शोधत. त्यांनी नोंदवलेला फोन नंबर विचारला. मी मुलाचा नंबर धडाधड म्हणून दाखवला, आणि पोरीचा सगळा इतिहास समोर उघडला.

मानसीला तिसरा महिना असताना बुरोंडीच्या उपकेंद्रात केलेली नोंद. मग चिपळूणला बाळंतपण. तिथं बाळाचं नाव नाही, नुसतं ‘मानसीचं बाळ’. जन्माच्या दिवशीचे डोस, दीड महिन्याचे, अडीच महिन्यांचे, तारखेसकट. कुठल्या बाटलीतली लस टोचली तिचा क्रमांकसुद्धा! राज्यात कुठंही डोस घ्या, तो त्याच बाळाच्या नावापुढे जातो. कुणाचा डोस बाकी आहे, त्याची यादी त्या त्या भागातल्या सिस्टरांना आपोआप मिळते आणि घरच्यांना मेसेज जातो. माझे तक्ते मी पेन्सिलीने करायचो आणि दर आठवड्याला खोडायचो. त्या छोट्या पडद्यापुढे मी मनोमन हात जोडले.

मग सिस्टर थांबल्या. “आबा, नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस आहे. दुसरा, सोळा महिन्यांनंतरचा, नाही. चिपळूणच्या सिस्टरांनी तीनदा फोन केल्याची नोंद आहे. स्विच ऑफ.”

बोटीवर चढला की मुलाचा इथला नंबर बंद असतो. आठ-नऊ महिने. तो बोटीवरच्या इंटरनेटवरून आम्हाला फोन करतो. मेसेज मात्र त्या बंद नंबरवर जात राहिले.

तो नंबर दिला कुणी? मी. नोंदणीच्या दिवशी मानसी स्वतःचा नंबर सांगायला लागली होती. मी तिला मधेच तोडून म्हणालो, “घरातल्या कर्त्याचा लिहा.” आमच्याकडे रेशनपासून गॅसपर्यंत सगळीकडे पुरुषाचाच नंबर जातो, पुरुष घरात असो नसो. पुढे सई वर्षाची होऊन बुरोंडीला आली. आशाताई दोनदा दाराशी येऊन गेल्या. त्यांनाही मी ओटीवरूनच सांगितलं, “झालेत सगळे चिपळूणला.” आत विचारायचीही तसदी घेतली नाही.

हे सगळं मी सिस्टरांना सांगितलं, ते मानसीने खोलीच्या दारातून ऐकलं. ती वळून सईच्या खाटेपाशी गेली. तिने चार बोल सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचे दोन दिवस ऑक्सिजनचा मास्क, अँटिबायोटिक, आणि लागोपाठ दोन दिवस व्हिटॅमिन ए. गोवरात डोळे जाऊ नयेत म्हणून ते देतात. मी काचेतून सईच्या बरगड्या आत ओढल्या जाताना बघायचो. डॉक्टर म्हणाल्या, “एका डोसाने थोडं संरक्षण मिळतं, पण सगळ्यांना पुरत नाही.” हिला काही झालं तर मुलाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

तिकडे सिस्टर स्वस्थ बसल्या नव्हत्या. सईच्या अंगणवाडीतल्या मुलांची यादी त्यांनी जागच्या जागी काढली. चौघांचा डोस राहिलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत जाऊन टोचून आल्या. चौघांपैकी तिघांचे बाप मुंबईला, नंबर त्यांचेच, मेसेज तिकडेच राहिलेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्क काढून सॅच्युरेशन बघितलं. शहाण्णव. सईने पेज मागितली. मी बाकावर बसून ढसाढसा रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

ज्यांच्या घरचे पुरुष बोटीवर नाहीतर मुंबईला असतात, त्यांनी उद्याच उपकेंद्रात जाऊन नोंद बघावी. यंत्रणा फार चोख आहे. ती आपण दिलेल्या नंबरावर विश्वास ठेवते.

सई पूर्ण बरी झाल्यावर तिला राहिलेला डोस द्यायला आम्ही उपकेंद्रात गेलो. गोवर होऊन गेला तरी त्याच सुईत रुबेलाचीही लस असते, म्हणून तो घ्यायचाच. सिस्टरांनी विचारलं, “आता नंबर कुणाचा लिहू?”

मी म्हणालो, “आईचा लिहा.” आणि सांगायला तोंड उघडलं.

मला तो येत नव्हता. पाच वर्षं सून घरात, तिच्या हातचं दोन वेळ जेवतोय, आणि तिचा नंबर ना पाठ, ना माझ्या फोनमध्ये. आजवर ती माहेरी असताना काही निरोप असला की मी मुलाला सांगायचो, तो बोटीवरून तिला सांगायचा.

मानसीने दहाही आकडे सावकाश सांगितले. मग माझ्याकडे वळली.

“आबा, तुमीपन लिवून घ्या.”

मी खिशातून फोन काढला. ती पुन्हा पहिल्या आकड्यापासून सांगू लागली.