पावाची गाडी चंद्रपूरला

गेल्या दिवाळीनंतर आमच्या पाळी गावात बातमी फिरली की शांताराम ड्रायव्हरनं शववाहिका घेतली. गोकुळदासच्या चहाच्या दुकानात ती पहिल्यांदा सांगितली सगुणनं. सगुण बातमी सांगताना आधी इकडेतिकडे बघतो, मग आवाज इतका खाली नेतो की रस्त्यापलीकडच्यालाही नीट ऐकू यावं. पांढरी गाडी, तो म्हणाला. बाजूला खिडक्या नाहीत. मागच्या दारावर क्रूस. आणि आत, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, एक माणूस आडवा होईल एवढी गादी. संध्याकाळपर्यंत आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, दोन म्हाताऱ्या शांतारामकाकांचं दार टाळून मागच्या पायवाटेनं जायला लागल्या.

खरं म्हणजे ती गाडी पावाची होती. पाव भाजणाऱ्या कायतान पोदेराची. सगुणच्या घरी वर्षानुवर्षं रोज सकाळी जिच्यातून गरम उंडे, ते गोल पाव, आले, तीच. पण ती यायची काळोखात, तिच्याकडे कोणी नीट बघितलेलंच नव्हतं. वाडा तिला भोंग्यावरून ओळखायचा. रबरी फुग्याचा भोंगा, पोंऽप पोंप. तो वाजला की पिशव्या घेऊन सगळे बाहेर. काकांनी भोंगा दुरुस्तीला काढून ठेवलेला आणि बाजूंना नवा रंग मारलेला, म्हणून वाड्याला आपलीच गाडी ओळखू आली नाही.

शांतारामकाका आमचे शेजारी. मूळचे दोडामार्गाकडचे. क्लीनर म्हणून आले आणि खाणीवरून नदीवरच्या जेटीपर्यंत खनिज नेणारा टिपर चालवत म्हातारे झाले. भरून जायचं, रिकामं यायचं, तोच एक रस्ता. सगळी धाव एकापुढे एक जोडली तर पृथ्वीला वेढा पडेल, पण काकांनी बघितलं काय, तर खाण आणि जेटी. खाण बंद पडली तेव्हा टिपर गेला, केसांतला लाल धुरळाही हळूहळू गेला, बोलणं मात्र टिपरचंच राहिलं. वाक्याआधी एक लांब ‘हूंऽ’, चढावर पहिला गिअर पडावा तसा. मग दोन शब्द. मग थांबतात, जणू पुढे वजनकाट्यावर रांग लागलीय. आणि मग उरलेलं वाक्य एकदम ओततात, हौदाची फळी उघडल्यासारखं.

हा आवाज मी पाचवीपासून काढते. पण नकला मी शिकले त्यांच्याकडूनच. गाडीचा बिघाड काका नावानं सांगत नाहीत, तोंडानं वाजवून दाखवतात. डिचोलीचा मिस्त्री डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, बेल्ट. चढावर भरलेला टिपर तर ते असा काढतात की लहानपणी मी अंगणातून बाजूला व्हायचे.

आता गाडी घ्यायची वेळ का आली ते. त्यांची मुलगी रेश्मा चंद्रपूरला असते. जावई स्वप्नील इथल्या खाणीवर मशीन चालवायचा, खाण बंद झाल्यावर तो तिकडच्या कोळशाच्या खाणीवर गेला. पहिल्या बाळंतपणाला रेश्मा इथे आली होती. दुसऱ्याला डॉक्टरांनी प्रवासच नको म्हणून सांगितलं, उठबससुद्धा कमी. स्वप्नीलला आई नाही, त्याची ड्यूटी पाळ्यांची. मोठं पोर तीन वर्षांचं. म्हणजे इथून कोणीतरी जायला हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे सुशीलाकाकी.

आणि सुशीलाकाकीला गाडी लागते. लागते म्हणजे थोडीथोडकी नाही. लग्नात काकांनी तिला आणली ती धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातलेल्या टिपरमधून, आणि सांखळी यायच्या आत नवरीचा शालू धुवायला टाकावा लागला. तेव्हापासून ती चाकाच्या वस्तूपैकी फक्त स्कूटरवर बसते, काकांच्या मागे, तोंडावर वारा घेत. बस नाही, कार नाही. एकदा रेल्वेचा विषय निघाला तर काका म्हणाले, रेल्वेला थांब म्हणून सांगता येत नाही. मोपाहून विमानं आमच्या डोक्यावरून जातात, मी ती सुचवली. काकी म्हणाली, त्यांची खिडकी उघडते का ते आधी विचारून ये.

रेश्मा फोनवर म्हणत होती, आई, तू नको येऊस, मी बघते कसंतरी. काकीनं फोन ठेवला आणि चुलीकडे बघत म्हणाली, “माका जावचा आसा.”

काका दुसऱ्या दिवशी जुनी गाडी शोधायला निघाले.

मी त्यांच्या मागून आईच्या स्कूटरवर गेले, कारण गाड्या विकणाऱ्यांचे आवाज मला फुकटात मिळणार होते. धारगळला हायवेच्या कडेला तुषारची मोकळी जागा आहे. तिथे उभी प्रत्येक गाडी डॉक्टरची. “सिंगल हॅण्ड, काका. क्लिनिक ते घर, घर ते क्लिनिक.” एवढे डॉक्टर खरंच असते तर पेडण्यात कोणी आजारीच पडलं नसतं. काकांनी एक निळी कार निवडली. इंजिन चालू करून ऐकलं, मग बंद केलं आणि गार होतानाचं टिकटिक ऐकलं. मान हलवली, म्हणजे इंजिन पसंत. मग काकीला शेजारी बसवलं, हातात लिंबू, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. दोघांची खूण ठरलेली: काकीनं त्यांच्या गुडघ्यावर दोनदा थापटलं की गाडी थांबवायची. पुढे काचेपाशी मोगऱ्याच्या वासाची बाटली लटकत होती. फाटकातून गाडी बाहेर पडली आणि तिथेच थापट आली.

तुषार दुखावला. इंजिन बघा, टायर बघा, प्रॉब्लेम काकींचा आहे, गाडीचा नाही, असं तो सारखं म्हणत राहिला. काकांनी किल्ली त्याच्या हातात दिली.

“हूंऽ. बाबा... गाडी तिच्यासाठीच व्हयी ना.”

मग चोपड्याला गेलो. गुरुदासची जुनी व्हॅन नदीच्या काठावर माडाखाली उभी होती. त्याच्याएवढा वाईट विक्रेता मी बघितला नाही. त्यानं आपणहून पायाखालची चटई उचलली आणि खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेल्या पत्र्यातून खालची वाळू दाखवली, वर सांगितलं की पाऊस पडला की पाय धुतले जातात. पण काकी त्या गाडीत मजेत बसली. खिडकीतून नदीचा वारा येत होता. गुरुदासच्या बायकोशी तिसऱ्या शिंपल्यांच्या सुक्याबद्दल तिनं एवढ्या गप्पा मारल्या की काकांचा चेहरा उजळला. पत्रा मारून घेऊ, असं ते मला हळूच म्हणाले. मग त्यांनी इंजिन चालू केलं. गाडी जागची हललीही नव्हती, नुसती थरथरली, आणि काकीचा हात गुडघ्यावर.

येताना ती स्कूटरवर मागे बसली होती.  घरी उतरल्यावर पदर सोडता सोडता काकांना म्हणाली, रेश्माला सांगून टाका, मी येत नाही. काकांनी स्कूटर स्टँडला लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली.

त्यानंतर चारदोन दिवसांनी सकाळी कायतानचा भोंगा वाजला तेव्हा काकी गाईकडे होती. ती पिशवी घेऊन धावेपर्यंत गाडी पुढे सरकलेली. कायताननं थांबवली, शेजारची पोती मागे ढकलली आणि म्हणाला, बस, पुढल्या वाड्यावर पाव देतो आणि परत सोडतो, तुझे उंडे तळाला आहेत. ती बसली. पुढचे दोन वाडे फिरून आली. मी त्यांच्याच पडवीत चहाला बसले होते. काकी आली, उंडे टोपलीत ओतले, काकांचा चहा गाळला, आपला गाळला, एक उंडा मोडून बुडवला. आणि मग तिचा हात कपातच थांबला.

काकांनीही कप खाली ठेवला.

“तू... गाडयेत बसलंस?”

काकीनं पोटावर हात ठेवून बघितला, तवा तापला का बघतात तसा. पोटात काहीच नव्हतं, भूक सोडून.

दुसऱ्या दिवशी काकांनी तिला मुद्दाम पाठवलं. तिसऱ्या दिवशी पाव संपल्यावर रिकाम्या गाडीतून. मग स्वतः चालवून. कशामुळे ते कोणालाच नक्की सांगता येईना. बैठक उंच आहे, पुढच्या दाराची काच कधीच फुटून गेली आहे म्हणून वारा थेट येतो, आणि गाडीच्या हाडामासात भट्टीतल्या पावाचा वास मुरला आहे. काका म्हणाले, कारण नको, गाडी हवी.

कायतान ती भंगारात घालायला निघाला होता, नवी घेतलेली म्हणून. त्याला वाटलं काका थट्टा करतात. तो बोलतो ते खमीर आलेल्या पिठासारखं, शब्द फुगत फुगत जातो. “शांतारामऽ, तुका पिशें लागलां? हें दार बघ, दोरयेन बांदलां.” दार खरंच दोरीनं बांधलेलं होतं. काका दाराकडे बघायलाच तयार नव्हते.

“हूंऽ. कायतान... पाव इलो नाय असो एक दिवस सांग.”

कायतान आठवायला लागला. पूर आला ते साल, गाडी आली होती. टाळेबंदीत आली होती. त्याची आई गेली त्या दिवशीसुद्धा, पुतण्यानं आणली होती, जरा उशिरा. तो आठवत राहिला आणि आम्ही उभे राहिलो, आणि त्याला दिवस काही सापडेना. डॉक्टरच्या गाडीची हमी तुषार देत होता. या गाडीची हमी आख्ख्या वाड्याची न्याहारी देत होती, आणि हे ऐकू येणारे काका एकटेच. भंगारवाला देईल तेवढ्याच भावात सौदा झाला.

पुढचे दिवस काका गाडीखाली होते. ब्रेक, पट्टे, रेडिएटर, टायर सगळं नवं किंवा नव्यासारखं. प्रत्येक काम झालं की तोंडानं तो आवाज काढून बघायचे आणि गाडीचा तसाच येतो का ते ताडून बघायचे. पावाच्या फळ्या काढून मागे गादी घातली, काकीला वाटलं तर आडवं होता यावं म्हणून. क्रूस काढला नाही. इतकी वर्षं त्यानं सांभाळली, आता का काढायचा, असं म्हणाले. काकीनं शेजारी शांतादुर्गेचा फोटो चिकटवला. आतून मात्र तिनं गाडी धुवू दिली नाही, वास जाईल म्हणून. त्यामुळे खड्डा आला की फटींतून पीठ उडायचं, आणि फेरी मारून आली की दोघं गणपतीच्या मखरातून उठून आल्यासारखी पांढरी.

याच दिवसांत सगुणनं गादी बघितली, आणि शववाहिकेची बातमी झाली. काकांनी ती ऐकली आणि खुलासा केला नाही. म्हणाले, बरं झालं, कोणी लिफ्ट मागणार नाही.

पैज मी लावली ती तेव्हाच. दोन वाडे फिरणं वेगळं, मी म्हटलं. चोर्ल्याचा घाट आहे, वळणावर वळण. मग सोलापूर, नांदेड, यवतमाळ. काकी कुठे ना कुठे ओकणारच. ओकली तर काकांनी गोकुळदासच्या दुकानासमोर उभं राहून भरलेला टिपर चढावर काढून दाखवायचा. काकांनी पिठाचा हात पुढे केला. “आणि नाय ओकली... तर आमी परत येईसर तू माझो आवाज काढूचो नाय.” ती दोघं परत येईपर्यंत काकांची नक्कल बंद, एवढंच ना, म्हणून मी हसत हात मिळवला. मला वाटलं होतं, टिपर मी फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवीन.

निघायचं कोणाला सांगायचं नाही, असं काकीनं ठरवलं होतं. आयुष्यभर लिंबू धरून चेष्टा ऐकली, आता अर्ध्या वाटेवरून परत यावं लागलं तर कोणाला कळायला नको. म्हणून पहाटे, काळोखात. मला माहीत होतं म्हणून मी फाटकाशी होते. कोकमं, तांदूळ, बाळंतविडा, सगळं चढलं. काकांनी गाडी रस्त्यावर घेतली, आणि भोंगा नीट बसलाय का बघायला म्हणून एकदाच दाबला.

पोंऽप पोंप.

दारं उघडली. दिवे लागले. आख्खा वाडा पिशव्या घेऊन रस्त्यावर आला. सगुण बनियनवर, हातात सुटे पैसे. मागच्या पायवाटेच्या दोन्ही म्हाताऱ्या. सगळे गाडीभोवती उभे, आणि गाडीत पाव नाही, पुढच्या सीटवर नवं लुगडं नेसलेली सुशीलाकाकी.  काकीनं फुटक्या काचेतून डोकं बाहेर काढलं.

“आज पाव नाय गो,” ती म्हणाली. “आज मी आसंय.”

मग सगळं एकदम समजलं, आणि पावाच्या रिकाम्या पिशव्या हलवून वाड्यानं त्यांना निरोप दिला. एका म्हातारीनं आपल्या परड्यातलं आणखी एक लिंबू काकीच्या हातात कोंबलं. सगुण मागून बराच वेळ सांगत होता की ही कायतानची गाडी आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चंद्रपूरहून फोन आला. आधी काकी. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. चोर्ल्याच्या माथ्यावर थांबून भाकरी खाल्ली. विजापूरला ऊस खाल्ला. सोलापूरच्या पुढे दाराची दोरी तुटली, ती नाडीनं बांधली. एका गावात काकांनी भोंगा वाजवला तर कुत्रंसुद्धा उठलं नाही, तिला त्या गावाची कीव आली. गाडी एकदाही अडली नाही. आणि पोटात काही नाही, काहीच नाही. मागून रेश्मा हसत होती, तिचं मोठं पोर भोंगा मागत होतं.

फक्त शेवटी जरा झालं, काकी म्हणाली. वणीला स्वप्नील सामोरा आला होता. सासरे दमले असतील म्हणून त्यानं स्टेअरिंग घेतलं आणि काकांना शेजारी बसवलं, काकी मागे गादीवर. जन्मभर गाडी चालवलेला माणूस, दुसऱ्याच्या शेजारी कधी बसलेलाच नाही. तिसऱ्या वळणावर त्यांनी स्वप्नीलच्या गुडघ्यावर दोनदा थापटलं. मग मागे वळून, काकी सांगत होती आणि तिला सांगता येत नव्हतं एवढी ती हसत होती, एवढ्याशा आवाजात म्हणाले, “हूंऽ... सुशीला... लिंबू.”

मी लगेच ओरडले की पैज मी जिंकले, गाडीत ओकणं झालं. काकांनी फोन घेतला. पहिला गिअर पडला, रांग लागली, मी वाट बघत राहिले.

“पैज काकीची होती, चेडवा.”

बारसं झाल्याशिवाय ती दोघं यायची नाहीत. गोकुळदासच्या दुकानात रोज कोणीतरी मला अडवतं, शांतारामनं लिंबू कसं मागितलं ते एकदा काढून दाखव म्हणतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आवाज माझ्या घशाशी येऊन उभा आहे, आणि मी तोंड मिटून घरी येते. पैजेत लिहायचं नाही असं ठरलं नव्हतं, म्हणून हे लिहिलं.